अनुदान पाचाचं सात झालं, दर पस्तीसच राहिला

महाराष्ट्रात गायीच्या दुधाला सरकारकडून लिटरमागे 7 रुपये अनुदान मिळालं याचं कौतुक अजूनही वाचायला मिळतं. म्हणून हा हिशेब.

1 जुलै 2024 पासून 3.5 टक्के फॅट, 8.5 टक्के एसएनएफच्या (फॅट सोडून बाकीच्या घन पदार्थांच्या) दुधाला संघ आणि खासगी डेअऱ्यांनी 30 रुपये द्यायचे, वर सरकारचे 5. बेरीज 35. 1 ऑक्टोबरपासून डेअरीचे 28, सरकारचे 7. बेरीज परत 35च! वाढीव 2 रुपये तिजोरीतून निघाले आणि डेअरीचे तेवढेच वाचले. उत्पादकाला एक पैसा जास्त नाही. उलट फटकाच, कारण डेअरीचं बिल दहा दिवसांनी पडायचं आणि अनुदान माहितीची तपासणी होईल तेव्हा. रोज 40 लिटर घालणाऱ्याचं दहा दिवसांचं दूध 400 लिटर. या बदलानं त्याच्या प्रत्येक बिलातले 800 रुपये रोखीतून उधारीत गेले. आधीचे 5 धरले तर बिलामागे 2,800 रुपये अडकलेले. पेंडवाला ती येणी धरून माल देत नाही.

आता पॉइंट, म्हणजे फॅट-एसएनएफचा दशांश टक्का. दूध 3.3 / 8.3 लागलं तर फॅटचे 2 आणि एसएनएफचे 2, असे 4 पॉइंट कमी. पॉइंटला 30 पैसे कापले तर 1 रुपया 20 पैसे जातात, दर 26.80. पॉइंटला रुपया कापला तर दर थेट 24. दोन्हींतल्या फरकाचे, म्हणजे अनुदानातले 2.80 तिथंच गिळले, आणि कागदावर 28चा नियम पाळलेलाच दिसायचा. त्यामुळे 'आमच्याकडे 28च होता' असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न एकच विचारायचा: खाली पॉइंटला किती कापलेत?

अनुदानाचे पैसे न येण्याचं खापर मात्र सरसकट सरकारवर फोडू नका. बरेच अर्ज दूध संकलन केंद्रातल्या एक्सेलच्या फाईलमध्येच मरतात. आधार आणि गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, दोन्ही 12 अंकी. रकाना 'टेक्स्ट' केला नसेल तर एक्सेल असा आकडा आखडून दाखवतं, आणि फाईल तशीच सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या फाईलीत) सेव्ह झाली की शेवटचे अंक कायमचे गेले. बँक खात्याचा नंबर शून्यानं सुरू होत असेल तर ते शून्य उडतं. खात्यात 15 पेक्षा जास्त अंक असतील तर सोळाव्यापासून पुढे नुसती शून्यं. आयएफएससीत (बँक शाखेच्या कोडमध्ये) पाचवं चिन्ह शून्य असतं, तिथं हमखास 'ओ' टाईप होतो. देना बँक, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन या बँका विलीन होऊन वर्षं झाली, तरी जुन्या पासबुकावरचे कोड आजही भरले जातात.

दुसरी गोची नावांची. दूध संस्थेतल्या वडिलांच्या कोडवर, बिल्ल्याची नोंद मुलाच्या नावावर, खातं आईचं. घरात हे सगळं एकच, पण अनुदानाच्या ऑनलाइन पोर्टलला ती तीन वेगळी माणसं. विकत आणलेली गाय भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी नोंदणीवर जुन्या मालकाच्याच नावावर राहते, ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून बदलून घ्यावी लागते. बिल्ला तुटला तर नवा मारून जुना नंबर बदलल्याची नोंदही करायला हवी, नाहीतर गाय गोठ्यात दोन वेळा दूध देते आणि यादीत तिचा पत्ता नसतो.

आणि एक. 'खातं आधारशी लिंक आहे' म्हणजे पैसे त्याच खात्यात येतील असं नाही. आधारवरून सोडलेली रक्कम एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. बऱ्याचदा ते कधीतरी उघडून विसरलेलं दुसऱ्याच बँकेतलं खातं निघतं. संस्थेशी भांडायच्या आधी तिथलं पासबुक भरून घ्या.

माझं म्हणणं असं की फाईल वर पाठवण्याआधी ज्याची त्याची ओळ छापून बिलाबरोबर द्यावी: आधारचे शेवटचे चार अंक, खातं, आयएफएससी, बिल्ले, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. दहा दिवसांचं बिल निघतंच, त्याच कागदाला चार ओळी जास्त. संस्थेचे सचिव 'वरून आलं नाही' म्हणाले तर वर नेमकं काय पाठवलं होतं ते मागा.