बाप्तिस्मा झाला होता का गं?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. दोन्हीकडच्या नातेवाइकांना मुद्दाम टॅग केलेलं नाही, ज्यांना वाचायचीय ते शोधून वाचतीलच.

तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळ जन्मल्यावर ९ तासांनी गेलं. दिवस भरले नव्हते, काचेच्या पेटीत ठेवलेलं, तोंडाला नळी, बहिणीच्या हातात ते पहिल्यांदा आलं ते गेल्यावरच. त्या ९ तासांत बाळाला बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घ्यायचा विधी) द्यायला पाळकांना, म्हणजे आमच्या पाद्रींना, फोन करावा हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, सगळे मॉनिटरवरचे आकडे बघत बसलो होतो. चौथ्या दिवशी आमच्या चर्चमंडळीतल्या एक मावशी भेटायला आल्या आणि बहिणीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाप्तिस्मा झाला होता का गं?" आई म्हणाली, नाही झाला. मावशी म्हणाल्या, "अरेरे." एवढंच. पण बाळ गेल्याचं अरेरे त्यांचं दारातच म्हणून झालं होतं. हे दुसरं अरेरे कशाचं, बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळाचं तारण नाही या समजुतीचं, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं, बहिणीला तर सगळ्यात आधी.

आता दुसरं बाळ झालंय. मुलगा, अडीच महिन्यांचा, ठणठणीत आहे, फक्त सारखी सर्दी. आणि घरात परत तोच विषय. आमच्याकडे पहिल्यापासून बाळालाच बाप्तिस्मा, आणि दाजींच्या घरचे, विश्वास ठेवणाऱ्यालाच द्यायचा आणि तोही पूर्ण बुडवून, असं मानणाऱ्या मंडळीतले. फॅमिली ग्रुपवर वचनांची फेकाफेक चालू आहे, एकाने मार्क १६:१६ (विश्वास धरून बाप्तिस्मा घेईल त्याचं तारण) टाकलं की पाच मिनिटांत दुसऱ्याचं प्रेषितांची कृत्ये २:३९ (हे वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना) येतं, मग कोणीतरी हात जोडल्याचा इमोजी टाकतं आणि तासभर शांतता. मला मामा म्हणून आणि वर गॉडफादर (बाप्तिस्म्याच्या वेळी बाळासाठी शब्द देणारा) व्हायचंय म्हणून मत विचारलंय. तर घ्या.

माझं मत, बाळाला बाप्तिस्मा द्यावा. पण त्या मावशींच्या "अरेरे"ला घाबरून द्यायचा असेल तर देऊ नका. ते अरेरे आधी घराबाहेर काढा, मग पाण्याचं बघू.

आधी शास्त्राचं बोलतो, कारण तिथे आपली बाजू आपल्याला वाटते तेवढी भक्कम नाहीये हे आमच्याकडच्यांनी एकदा कबूल करावं. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा दिला असं सरळ सांगणारं एकही वाक्य नव्या करारात नाही. आपण सगळ्यांचा एकदम बाप्तिस्मा झालेली घराणी दाखवतो, लुदियाचं घराणं, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं घराणं, करिंथात स्तेफनाचं घराणं, आणि म्हणतो एवढ्या घरांत एखादं बाळ असेलच की. असेल. नसेलही. तुरुंगाधिकाऱ्याच्या घरात तर प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांनी आधी सगळ्यांना वचन सांगितलं असं लिहिलंय, दाजी त्यावर बोट ठेवतात ते बरोबरच ठेवतात. पण त्यांच्या बाजूलाही एक भोक आहे. विश्वासी आईबापांच्या घरात जन्मलेलं मूल वाढलं, मोठं झालं आणि मग त्याला बाप्तिस्मा दिला, असंही उदाहरण नव्या करारात नाही. तिथे सगळेच नव्याने येणारे. म्हणजे आपल्या घरातला जो प्रश्न आहे तो त्या पानांवर कोणी विचारलेलाच नाही, आणि आपण दोघंही तिथून उत्तर ओढून काढतोय.

मला त्यातल्या त्यात पटतो तो कराराचा मुद्दा. देवाचा अब्राहामाशी करार झाला, त्याची खूण सुंता, आणि ती पुढे त्याच्या आठ दिवसांच्या मुलाला, इसहाकालाही मिळाली, त्याला कोणी विचारलं नव्हतं की बाबा तुला कळतंय का हे. आणि कलस्सैकरांच्या पत्रात पौल सुंता आणि बाप्तिस्मा एका दमात बोलतो. दाजी म्हणतात जुना करार जन्माने मिळायचा, नवा जन्माने मिळत नाही. ठीक आहे. यावर १६ व्या शतकापासून भांडण चालू आहे, आमच्या ग्रुपवर मिटेल अशी आशा नको.

आता गंमत बघा. बाळांच्या बाप्तिस्म्याचा जुन्यात जुना म्हणावा असा स्पष्ट उल्लेख सापडतो तो विरोध करणाऱ्याकडे! उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन, साधारण इ.स. २००. त्याचं म्हणणं, या निष्पाप वयाला पापक्षमेची एवढी घाई कशाला, मुलं मोठी होऊ द्या, शिकू द्या, ख्रिस्ताला ओळखता आलं की होतील ख्रिस्ती. आणि व्यवहारी माणसासारखं विचारतो की ज्याच्या हातात आपण साधी मालमत्ता देणार नाही त्याच्या हातात देवाचं धन कसं देता. गॉडफादर लोकांची पण त्याला काळजी, उद्या हे मेले किंवा पोरगं बिघडलं तर यांनी दिलेल्या शब्दाचं काय. (हे वाचल्यापासून मला जरा धाकधूक आहे.) पण तो विरोध करतोय म्हणजेच आजूबाजूला बाळांना बाप्तिस्मा देणं चालू होतं, हेही त्यातूनच कळतं. आणि या कालपरवा आलेल्या प्रथा नाहीत, दोन्ही बाजू तेवढ्याच जुन्या.

त्याच कार्थेजमध्ये ५० वर्षांनी, २५३ च्या आसपास, फिदस नावाच्या एका बिशपने शंका काढली की सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबावं का. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि बरोबरच्या ६६ बिशपांनी मिळून उत्तर दिलं, एक दिवसही थांबायची गरज नाही. पण मला त्या पत्रातली वेगळीच गोष्ट आवडते. फिदसचं असं होतं की नुकतं जन्मलेलं बाळ सोवळं नसतं, पहिल्या दिवसांत त्याच्या पावलाचा मुका घ्यायला आपल्याला कसंसंच वाटतं. बिशप माणूस आणि बाळाच्या पायाची किळस! बाप्तिस्म्याच्या विधीत तेव्हा मुका घ्यायचे म्हणून हा प्रश्न. सिप्रियन त्याला म्हणतो, अरे देवाने जे नुकतंच घडवलंय त्याची कसली किळस, त्या बाळाचा मुका घेताना आपण देवाचेच हात विचारात घेतले पाहिजेत, अजून ताजेताजे, ज्यांनी ते आत्ताच घडवलंय.

या पत्रापाशी थांबलो असतो तर किती बरं झालं असतं.

पुढे ऑगस्टीन आला, चर्चचा मोठा धर्मपंडित. आणि त्याचं स्वतःचं काय झालेलं? लहानपणी पोटाच्या दुखण्याने मरायला टेकला, बाप्तिस्म्याची तयारी झाली, मग बरा झाला तशी आई मोनिकाने तो पुढे ढकलला, कारण पोरगा मोठेपणी उद्योग करणारच, बाप्तिस्म्यानंतरचं पाप जास्त जड. शेवटी ३८७ साली मिलानमध्ये तिथला बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला, शेजारी स्वतःचा वयात आलेला मुलगा, बापलेकांचा एकदमच. याच माणसाने पुढे, माणूस जन्मतः पापी नसतो म्हणणाऱ्या पेलागियसशी वाद घालताना मांडलं की आदिपाप (आदामापासून वारशाने आलेलं पाप) बाळातही असतं म्हणून बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळाला शिक्षा होते, फक्त सगळ्यात सौम्य. सौम्य! ऑगस्टीन मोठा माणूस, मी कोण, पण इथे माझं त्याच्याशी जुळत नाही ते नाहीच. नंतरच्यांना ते फारच कठोर वाटलं म्हणून त्यांनी लिंबो काढला, म्हणजे नरकाच्या कडेची जागा, यातना नाही पण देवाचं दर्शनही नाही.

आणि भीती काय करते ते बघायचं असेल तर स्वित्झर्लंडमधल्या ओबरब्युरेनला बघा. १५ व्या शतकात तिथे मरीयेचं एक देऊळ होतं, लांबून लांबून लोक मेलेली जन्मलेली बाळं घेऊन यायचे. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, जिवंत पाहिजे. मग तिथे ठेवलेल्या बायका त्या बाळाला पेटते निखारे आणि मेणबत्त्या यांच्यामध्ये ऊब द्यायच्या आणि ओठांवर एक पीस ठेवायच्या. गरम हवेने पीस हललं की बाळाने श्वास घेतला, चला, पटकन पाणी! मग लगेच परत मेलं म्हणून तिथेच पुरायचं. कॉन्स्टन्सच्या बिशपने १४८६ साली याबद्दल रोमला तक्रार केली. १५२८ मध्ये प्रॉटेस्टंट सुधारणावाद्यांनी ते देऊळ पाडलं, आणि परवा परवा १९९० च्या दशकात तिथे खोदलं तेव्हा सुमारे २५० बाळांचे सांगाडे निघाले, काही तर अगदी कच्च्या महिन्यांचे.

लोक याला अंधश्रद्धा म्हणून हसतात. मला नाही हसता येत. ते बाळ कापडात गुंडाळून तिथवर चालत जाणारा बाप आणि ९ तास मॉनिटर बघणारा माझा दाजी यांच्यात मला फार फरक दिसत नाही. हलणाऱ्या पिसावर माझा राग नाही, ज्यांनी त्या माणसांना पिसापर्यंत नेलं त्या शिकवणीवर आहे. आणि आमच्याकडे आणखी एक झालं. अडचणीच्या वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने, कॅथलिक नियमात तर देणारा ख्रिस्ती नसला तरी चालतो, फक्त चर्चला जे करायचंय तेच करायचा त्याचा हेतू पाहिजे. म्हणजे त्या रात्रीच्या ड्युटीवरच्या सिस्टरनेही दिला असता. हे बहिणीला कोणीतरी नंतर, बाळ गेल्यावर, माहिती म्हणून सांगितलं. काय मिळतं लोकांना असं सांगून?

बरं, खुद्द रोमने २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाचा अहवाल काढला, त्यात आहे की अशा बाळांचं तारण होईल अशी आशा धरायला गंभीर कारणं आहेत, आणि लिंबो हा कधीच बंधनकारक सिद्धांत नव्हता. त्याआधी १९९२ च्या कॅटेकिझममध्येही (कॅथलिक धर्मशिक्षणाच्या पुस्तकात) अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवलंय. आणि आम्ही प्रॉटेस्टंट, आम्ही लिंबो कधी मानलाच नाही म्हणतो, तरी अरेरे आमच्याच मंडळीतल्या मावशींच्या तोंडून निघालं. पुस्तकातून काढलेली गोष्ट तोंडातून जायला किती वेळ लागतो बघा.

आता दाजींच्या बाजूला. त्यांच्या लोकांनी यासाठी जीव दिलाय हे आमच्याकडच्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २१ जानेवारी १५२५ ला झ्युरिकमध्ये एका घरात काही जण जमले आणि कॉन्राड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला, मोठ्या माणसाने मोठ्या माणसाला, आधीचा बाळपणीचा मोजायचाच नाही. त्याच आठवड्यात नगरपरिषदेने हुकूम काढला होता की बाळांना आठ दिवसांत बाप्तिस्मा द्या नाहीतर शहर सोडा. दोन वर्षांनी, ५ जानेवारी १५२७, त्यांच्यातल्याच फेलिक्स मान्झला हात गुडघ्यांखाली बांधून लिमात नदीत बुडवून मारला. पाण्याचा आग्रह धरतोस ना, मग घे पाणी. त्याची आई आणि भाऊ काठावरून त्याला ओरडून सांगत होते, डगमगू नकोस. आणि हे पोपने नाही केलं, सुधारक झ्विंगलीच्या झ्युरिकने केलं, आपल्याच सुधारणावाल्यांनी! लुथरन मंडळींनी त्यांच्याकडून झालेल्या अशाच छळाची रीतसर क्षमा मागितली ती २०१० मध्ये, स्टुटगार्टला. तेव्हा ग्रुपवर त्यांना "नवीन पंथवाले" म्हणणं जरा बंद करा.

त्यांचा मूळ मुद्दाही खोटा नाही. बाळपणी पाणी शिंपडलं, रजिस्टरमध्ये नाव गेलं, आणि माणूस परत चर्चमध्ये दिसला तो लग्नाला, मग थेट पेटीतून. बाप्तिस्मा जन्मदाखल्यासारखा झाला की असंच होतं, आणि ते आपण केलंय.

पण "समज आल्यावर" हे मला झेपत नाही, आणि याला स्वानुभव आहे. मी स्वतः १९ व्या वर्षी दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतलाय. हो. एका शिबिरात, टाकीत, बाहेर गिटार चालू. आईला कळलं तेव्हा ती आठवडाभर बोलली नाही, मग एवढंच म्हणाली की म्हणजे मी तुला उचलून नेलं होतं ते काहीच नव्हतं का? मला तेव्हा वाटलेलं की आत्ता मला सगळं कळलंय. काय कळलं होतं कप्पाळ! अर्ध्याहून जास्त कारण म्हणजे बरोबरचे सगळे उतरत होते. आज चाळिशी ओलांडल्यावर मागे बघतो तर १९ चा मी आणि दोन महिन्यांचा मी, कळण्याच्या बाबतीत जवळपास सारखेच. आणि ज्यांना कधीच "समज" येणार नाही अशी मुलं असतात, त्यांचं काय करणार, परीक्षा घेणार? बाळाला आईचं नाव, भाषा, दूध हे सगळं न विचारताच मिळतं, आणि मग ते हळूहळू त्याचं होतं. देवाच्या घरात तेवढं एकच विचारून द्यायचं, हे मला उलटं वाटतं.

म्हणून माझं म्हणणं, बाळाला गरज आहे का हा प्रश्नच मला फारसा पटत नाही. बाळाला नाहीये. ते आधीच ज्याचं आहे त्याच्या हातात आहे. गरज आम्हाला आहे, की सगळ्यांसमोर उभं राहून म्हणावं, हा आमचा, याला शिकवायची जबाबदारी आमची, मोठा झाल्यावर तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल तेव्हाही आमचा. दाजींना मी हेच म्हटलं, तुमची भीती आहे की पोरगा "माझं झालंय" म्हणून बसून राहील, तर तो बसला की त्याला उठवायला तुम्ही आहातच ना. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. आणि ते नको म्हणाले, थांबू म्हणाले, तर मी थांबेन. गॉडफादर नाही तर नुसता मामा. त्या थांबण्याच्या काळात बाळ कुठल्या धोक्यात आहे असं मात्र कोणी माझ्यासमोर म्हणून बघावं.

काल संध्याकाळी बहिणीकडे गेलो होतो. तिला ते सिप्रियनचं पत्र मोबाईलवर वाचून दाखवलं, पायाचा मुका, देवाचे ताजे हात, सगळं. ती बाळाला मोजे घालत होती, एक घातलेला, एक हातात. म्हणाली, "हे नऊ तासांच्यालाही लागू होतं ना रे दादा?"

म्हटलं, त्यालाच आधी.

बराच वेळ काही बोलली नाही. मग दुसरा मोजा घातला आणि म्हणाली, "पाळकांना सांग, पाणी कोमट असू दे. सर्दी आहे त्याला."