सहा फूट सात इंच

परवा मंडळात हॉकीच्या गप्पा चालू होत्या, नवी पोरं निवडण्याचा विषय निघाला आणि एकाने नेहमीचं वाक्य टाकलं, "पोरगं चांगलं आहे रे, पण अंगाने किरकोळ." माझं डोकंच सटकलं. तिथे भांडलो नाही, म्हणून आता इथे लिहितोय. लांबलंय, आधीच सांगतो.

(तिकडच्या मित्रांसाठी: इथे कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की बर्फावरचीच. दर उन्हाळ्यात एनएचएल या इथल्या सर्वात मोठ्या व्यावसायिक लीगचे 32 संघ सात फेऱ्यांत अठराच्या आसपासची 224 पोरं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. यातली कितीतरी पोरं पुढे एकही सामना खेळत नाहीत.)

2014 चा ड्राफ्ट घ्या. आमच्या शहराच्या संघाने, कॅल्गरी फ्लेम्सने, 54 व्या नंबरला हंटर स्मिथ नावाचा पोरगा घेतला. सहा फूट सात इंच! तेव्हा ब्रेडन पॉइंट अजून शिल्लक होता. याच शहरात जन्मलेला, पण उंची पाच-दहाच्या आतबाहेर. 64 व्या नंबरला फ्लेम्सची पुन्हा पाळी आली, तेव्हाही त्यांनी दुसराच उचलला. शेवटी 79 व्या नंबरला टँपा बे संघाने त्याला नेलं. पॉइंटने 2020 आणि 2021 असे लागोपाठ दोन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे करंडक, जिंकले, दोन्ही वेळा प्लेऑफमध्ये (कपसाठीच्या बाद फेऱ्यांत) 14-14 गोल मारले. स्मिथ एनएचएलमध्ये कधीच खेळला नाही. त्यात त्याचा काडीचाही दोष नाही, त्याने काही स्वतःला निवडलं नव्हतं. आणि टँपावाले फार द्रष्टे होते असंही नाही, पॉइंटच्या आधी त्यांनीही तिघांना घेतलं होतंच.

हे असं का होतं? माझ्या मते उंची रिंकच्या दारातूनच दिसते. पक (बर्फावरची रबरी चकती) येण्याआधीच पुढचा पास कुठे द्यायचा हे कुणाला कळतं, ते दिसायला मात्र थंडीत कुडकुडत वीस सामने बसावं लागतं. शिवाय धिप्पाड पोरगं वाया गेलं तर लोक नशिबाला बोल लावतात, आणि बारकं वाया गेलं की पोरं हेरणाऱ्या स्काउटला ऐकवतात, "सांगितलं नव्हतं?" नोकरी त्यालाही प्यारी असते.

त्यात ड्राफ्टआधीच्या, हल्ली बफेलोत होणाऱ्या त्या चाचण्या. बेंच प्रेस, सायकल, पुल-अप, सगळं काही. फक्त स्केट घालून बर्फावर कुणी उतरत नाही! 2014 मध्येच सॅम बेनेटला या चाचण्यांत एकही पुल-अप निघाला नव्हता. केवढी चेष्टा झाली होती. फ्लेम्सने मात्र चौथ्या नंबरला त्यालाच घेतलं, ते श्रेय द्यायलाच हवं. 2025 मध्ये तो प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तोवर आम्ही त्याला फ्लोरिडाला देऊन बसलो होतो, ती वेगळीच रडकथा.

खरं तर बारक्या पोरांचं महत्त्व या शहराला कुणी शिकवायला नको. थिओ फ्लुरी, पाच फूट सहा, 1987 मध्ये 166 वा. दोन वर्षांत कप जिंकणाऱ्या संघात होता. जॉनी गोद्रो, 2011 मध्ये 104 वा, नोंदीत वजन जेमतेम बासष्ट किलो. 2021-22 मध्ये त्याने 115 गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) केले. ऑगस्ट 2024 मध्ये तो आणि त्याचा भाऊ सायकलवर असताना एका गाडीने त्यांना उडवलं, दोघेही गेले. फ्लेम्सच्या मैदानाच्या, सॅडलडोमच्या, पायऱ्यांवर लोकांनी त्याच्या आवडीच्या जांभळ्या गेटोरेडच्या बाटल्या आणि स्किटल्सची पाकिटं आणून ठेवली होती.

आणि मार्टिन सेंट लुई. पाच फूट आठ, ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंही नाही. फ्लेम्सकडे होता, 2000 मध्ये आम्ही सोडून दिला. चार वर्षांनी फायनलचा सहावा सामना, आमचंच मैदान, जिंकलो असतो तर कप आमचा. दुसऱ्या ओव्हरटाइमच्या 33 व्या सेकंदाला टँपाचा गोल झाला. मारला कुणी? सेंट लुईने. मी तेव्हा नवीनच आलो होतो, नियमही धड कळत नव्हते, पण सतराव्या अ‍ॅव्हेन्यूवर एवढी लाल जर्सीतली गर्दी एकदम गप्प झालेली मी पाहिली आहे.

आता कुणी सचिनचं नाव काढेल. कृपा करून नको. क्रिकेटमध्ये शंभर किलोचा गडी तुम्हाला येऊन कठड्यावर आपटत नाही. कुस्तीत निदान वजनगट तरी असतात, इथे तेही नाहीत. प्लेऑफमध्ये दोन-दोन महिने दर दिवसाआड मार खायचा असतो. शिवाय टिकलेल्यांचीच नावं आपण घेतो. हात सोन्याचे, पण पहिल्या टकरीनंतर रिंकच्या कोपऱ्यात, पकसाठी झोंबाझोंबी चालते तिथे, जायलाच तयार नाहीत, अशी पोरं कुणाच्या लक्षात राहतात? गोलकीपरबद्दल तर मी वादच घालत नाही, तिथे लांबरुंद माणूसच हवा. डिफेन्समनची लांब काठीही कामाची. पण सहा फूट नऊ इंचांचा झेडेनो चारासुद्धा 1996 मध्ये 56 वा गेला होता. तो मोठा झाला तो डोक्यामुळे आणि मेहनतीमुळे.

माझा हिशेब साधा व्यापाऱ्याचा आहे. चौथ्या लाइनवर (आघाडीच्या तिघातिघांच्या तुकड्यांतल्या शेवटच्या तुकडीत) टकरा देणारा दांडगा गडी 1 जुलैला करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार उघडला की स्वस्तात मिळतो. पॉइंटसारखा तिथे बहुधा येतच नाही, आलाच तर तिजोरी रिकामी करावी लागते. मग ड्राफ्टचा नंबर कशावर खर्च करायचा? त्यातून अठराव्या वर्षी अंग अजून भरायचं असतं. वजन जिममध्ये वाढतं. बर्फ वाचायची नजर तिथे वाढलेली मी तरी पाहिली नाही.

हे सगळं चिरंजीवांना वाचून दाखवलं. वय सोळा, उंची पाच-सात. तेरा वर्षांचा असताना एका निवड चाचणीत त्याला "पुढच्या वर्षी वाढलास की ये" म्हणून परत पाठवलं होतं. माझ्या या रागाचं मूळ तेच असावं, असं बायकोचं म्हणणं आहे. मला वाटलं, पोरगं खूश होईल. तो फोनमधून मान वर न करता म्हणाला, "बाबा, पण माझ्या लाइनवर एक सहा-चारवाला दे हं. कोपऱ्यातून पक कोण काढणार, तू?"