मालकाकडून उत्तर: ते दोन तास कशात गेले

नमस्कार साहेब,

तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल माफी मागतो. पण आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलेलं "एक बटण दाबायला दोन तास आणि ४०० रुपये" हे वाचून मनाला लागलं. नवी पेठेत नवीन गिऱ्हाईक आता स्टार बघूनच दुकानाची पायरी चढतं, म्हणून खुलासा करणं भाग आहे.

टॉवेलच्या ऑर्डरचे मेल आपण उघडायच्या आधीच 'वाचलेले' दिसतात, ही तुमची तक्रार. ते करत होतं मेल आवरून देणारं एक ॲप. तुमच्या चिरंजीवांनी ते कॉम्प्युटरवरून आधीच काढलं होतं. पण ॲप काढलं तरी गुगल खात्यात त्याला दिलेली परवानगी तशीच राहते. ती खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन वेगळी काढावी लागते. तिथली यादी तुम्हाला स्क्रीनवर दाखवली. त्या ॲपला मेल वाचायची, पाठवायची, डिलीट करायचीसुद्धा मुभा होती. "हे मी कधी दिलं?" असं तुम्हीच विचारलंत ना?

सगळी यादी एका दमात उडवली असती तर पाच मिनिटांत मोकळा झालो असतो. पण त्यातच तुमच्या बिलिंगचा गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप होता. तो बंद पडला असता तर? म्हणून एकेक नाव तुम्हाला विचारून काढलं.

आणि खरा वेळ गेला तो ओटीपीत. खात्याला नंबर चिरंजीवांचा, ते पुण्यात कामावर. त्यांनी फोन उचलेपर्यंत आपण दोघंही नुसते बसून होतो. त्या वेळेचा एक रुपया लावलेला नाही. पासवर्ड तुम्ही स्वतः टाकलात, तेव्हा मी खुर्चीवरून उठून बाजूला झालो होतो. तरी "यांनी मेल वाचले असतील" असं लिहिलंत, ते मात्र बरोबर नाही साहेब.

घरी गेल्यावर एखादं ॲप "हे खातं वापरू का?" विचारतंय म्हणालात. तो बिघाड नाही. विंडोजमधल्या मायक्रोसॉफ्ट खात्यासाठी 'ॲपने आधी विचारावं' असं मुद्दाम ठेवलंय. नको असेल तर बदलून देतो, पैसे नकोत.

यापुढे वेळेचा अंदाज आधीच सांगत जाऊ, रेटचा बोर्डही लावायचा आहे. येताना चिरंजीवांना फोनजवळ राहायला सांगा, आणि जमलं तर त्या एका स्टारचा पुन्हा विचार करा.