टेस्ट राइड, मागच्या सीटवरून

गेल्या रविवारी मी चाळीस घोड्यांच्या, म्हणजे चाळीस हॉर्सपॉवरच्या, मोटरसायकलची टेस्ट राइड घेतली. मागे बसून. मांडीवर दुधीची पिशवी धरून.

दुधी माझा नव्हता, तो काकांचा. पण त्याआधी लायसन्सचं सांगतो, कारण सगळी आग तिथे लागली.

वयाच्या ४३व्या वर्षी मी दुचाकीचं लायसन्स काढलं. चाळिशी उलटली की डॉक्टरकडून फॉर्म १-अ भरून आणावा लागतो, तो आणला. लर्निंग काढून तीस दिवस थांबलो. मग ड्रायव्हिंग स्कूलच्या शंभर सीसीच्या गाडीवर आठाचा आकडा काढला, पाय न टेकता. साहेबांनी मान वर केली नाही, बहुधा पास झालो. गंमत अशी की त्याच लायसन्सवर मी उद्या हजार सीसीची गाडी घेतली तरी सरकारचं काही म्हणणं नाही. युरोपात विशीतल्या पोराला आधी ३५ किलोवॉटच्या आत ठेवतात, म्हणजे साधारण ४७ घोडे. आपल्याकडे गिअरवाली म्हणजे गिअरवाली. स्प्लेंडर चालवा नाहीतर रणगाड्याला दोन चाकं लावून चालवा.

मग सुरू झाला गाडी निवडायचा सोहळा. बायको म्हणाली, स्कूटर घे, डिकीत भाजी मावते. ऑफिसातला पंचविशीचा पोरगा म्हणाला, "सर, साडेतीनशेचा सहा महिन्यांत कंटाळा येतो, डायरेक्ट साडेसहाशे घ्या." हा पोरगा स्वतः लोकलने येतो. मी वही केली. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० : वीस घोडे, १९५ किलो. स्प्लेंडर : आठ घोडे, ११२ किलो. म्हणजे वाढीव घोडे बारा आणि वाढीव वजन एका बऱ्यापैकी जेवणाऱ्या माणसाचं. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याच्या वर थेट ४०. क्लासिकचं इंजिन ३४९ सीसीचं आहे. त्या एका सीसीकडे मी हल्ली फार आदराने बघतो. पण मन चारशेच्या आसपास अडकलं होतं, आणि मन अडकलं की माणूस चाळीस टक्क्यांनाही राष्ट्रकार्य म्हणतो.

रविवारी लिफ्टमध्ये बी विंगचे काका भेटले. सत्तर वर्षं, पांढरा हाफ शर्ट, हातात पिशवी. "कुठे निघालास?" मी सांगायला नको होतं. "शोरूमला? चल, मी पण येतो. माझ्याकडे येझदी होती." गेटवरच्या भाजीवाल्याकडून दुधी घेऊन ते रिक्षात माझ्याआधी बसले.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचं शोरूम. काचेच्या आत पाच अंश थंडी आणि बाहेर धूळ. मी गाडीवर बसलो. उंची पाच फूट चार इंच, त्यामुळे पंजे टेकले, टाचा अधांतरी. विक्रेता पोरगा म्हणाला, "सर, जाड सोलचे बूट घ्या." ते एक वेळ गिळलं. मग म्हणाला, "टेस्ट राइडसाठी लायसन्स?"

मी ऐटीत काढून दिलं. त्याने ते उलटंपालटं केलं, नोट खरी का खोटी बघतात तसं.

"सर, हे ह्याच महिन्याचं आहे."

"हो."

"म्हणजे अकरा दिवस झाले."

"मोजता येतं मला."

"तसं नाही सर, टेस्ट राइडला आमच्याकडे वर्षभर जुनं लागतं."

"आणि गाडी विकत घ्यायला?"

"घ्यायला नाही लागत सर."

म्हणजे तीन लाखांच्या आसपासची गाडी मी इथून चालवत नेली तर चालेल, फक्त आधी चालवून बघायची नाही. मी हे त्याला समजावत होतो तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला, "माझं चालेल का? अठ्ठ्याहत्तर सालचं आहे." शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून वर्तमानपत्राची घडी, घडीतून लायसन्स. नूतनीकरणासकट. पोरगा उभा राहिला. खरंच उभा राहिला. मला तो खुर्चीत रेलून बोलला होता.

"काका पुढे बसतील, सर तुम्ही मागे."

काका गाडीवर चढले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे गिअरचा दांडा बुटाने आत दाबून वर फिरवायला गेले. येझदीला किक आणि गिअर एकाच दांड्यावर. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. दांडा काही फिरेना. "जाम आहे तुमचा," काका म्हणाले. पोराने अदबीने बटण दाखवलं. गाडी सुरू झाली. काकांनी पहिला टाकला, गाडी बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद.

"काका, साइड स्टँड खाली आहे. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होतं. सेफ्टी."

"आमच्या वेळी स्टँड खाली राहिला तर आपण पडायचो. गाडी चालूच राहायची," काका म्हणाले, जणू तीच पद्धत बरी होती.

पातलीपाड्याहून कासारवडवलीकडे निघालो. एका हाताने मागची कडी, दुसऱ्या हातात दुधी. शोरूमचं हेल्मेट माझ्या कपाळावर डुगडुगत होतं आणि आत आधीच्या चाळीस गिऱ्हाइकांचा घाम होता. खरं सांगायचं तर काका सुरेख चालवत होते. ह्याचाच जास्त राग आला. वाघबीळच्या पुलाखालून जाताना त्यांना बसस्टॉपवर कोणीतरी ओळखीचे दिसले. गाडी कडेला. इंजिन चालूच.

"काय हो, नवी घेतली?"

"छे, आमच्या बिल्डिंगमधला आहे हा. ह्याला घ्यायची आहे. दाखवायला आणलंय."

ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मग दुधीकडे. मग म्हणाले, "मोठी आहे पण ह्यांच्या मानाने."

"तेच म्हणतोय मी," काका म्हणाले. हे ते मला एकदाही म्हणाले नव्हते. मग दोघांनी मिळून माझी उंची, माझा कमरेचा त्रास (तो ह्यांना कुणी सांगितला?) आणि मला झेपेल अशी गाडी ह्यावर सात-आठ मिनिटं चर्चा केली. मी मागे. मुलगी बघायला आले असते तर पोहे तरी मिळाले असते.

आणि एवढं करून गाडी दुसऱ्या गिअरच्या वर गेलीच नाही. जाणार कुठे? डावीकडे कंटेनर, उजवीकडे मेट्रोचे पत्रे, मध्ये पावसाने उघडं पाडलेलं डांबर आणि त्यात पेव्हर ब्लॉकचं ठिगळ. दुचाकीचं पुढचं चाक त्या ठिगळाच्या कडेवर चढताना हँडल हातातून निघतं, ते मागे बसूनही कळतं. इथे दर पावसाळ्यात कोणीतरी खड्डा चुकवायला जातो आणि मागून येणाऱ्या ट्रकला चुकवता येत नाही. दुसऱ्या दिवशी तोच खड्डा बुजवलेला असतो. तेव्हा लायसन्स किती जुनं होतं हे कोणी विचारत नाही. मला अकरा दिवसांचा म्हणून मागे बसवणाऱ्यांनी ह्या रस्त्याचं वयही एकदा विचारावं.

असो. चिडलो की माझा विनोद वाहून जातो.

परत आल्यावर पोरगा काकांकडे धावला. "कशी वाटली सर?" सर ते. काकांनी क्लच हलका आहे, मिड-रेंज बरी आहे, आवाज मात्र शिवणयंत्रासारखा आहे असं सांगितलं. मिड-रेंज हा शब्द त्यांना कुठून आला देव जाणे. त्यांना चहा आला. मला विचारलं, "तुम्ही घेणार?" मला वाटलं गाडी. तो चहाबद्दल विचारत होता.

काल शोरूममधून फोन आला. "सर, ते काका फायनल करतायत का?" मी म्हणालो, गिऱ्हाईक मी आहे. "हो हो सर, पण त्यांचा नंबर मिळेल का?" नाही दिला. पाठोपाठ मेसेज आला, टेस्ट राइडचा अनुभव कसा वाटला, पाचपैकी तारे द्या. इंजिन, ब्रेक, हाताळणी असे रकाने होते. तिन्ही रिकामे सोडले. शेवटी 'इतर अभिप्राय' होता, तिथे लिहिलं : मागची सीट टणक आहे. दोन तारे.