‘सगळे सारखेच दिसतात’ म्हणणाऱ्यांसाठी

आज परत तो विनोद ऐकला. पडद्यावर कृष्णवर्णीय खेळाडूंचा ग्रुप फोटो होता आणि कुणीतरी म्हणालं, ‘मला तर बाबा सगळे सारखेच दिसतात.’ हशा पिकला. गंमत अशी की वाक्य खरं आहे. त्याला खरंच सारखे दिसतात. पण यातून खेळाडूंबद्दल काहीच कळत नाही, बोलणाऱ्याच्या नजरेबद्दल सगळं कळतं. आणि हीच नजर घेऊन कुणी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिलं की माणसाची वर्षंच्या वर्षं जातात. रोनाल्ड कॉटनची गेली. साडेदहा.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुलै १९८४, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं बर्लिंग्टन गाव. जेनिफर थॉम्पसन, बावीस वर्षांची गोरी कॉलेज विद्यार्थिनी. रात्री घरात घुसून एका कृष्णवर्णीय माणसाने तिच्यावर बलात्कार केला. त्या अवस्थेतही ती त्याचा चेहरा मुद्दाम पाठ करत होती, जगलो-वाचलो तर याला ओळखायचंच म्हणून. पोलिसांनी तिच्यापुढे सहा फोटो ठेवले. चार-पाच मिनिटं ती बघत राहिली आणि कॉटनचा फोटो निवडला. मग प्रत्यक्ष ओळख परेड, सात जण रांगेत उभे. तिथेही दोघांत अडखळली आणि शेवटी पुन्हा कॉटनच. परेड संपल्यावर तिला सांगितलं गेलं की फोटोतही तू यालाच निवडलं होतंस. जानेवारी १९८५ मध्ये कॉटन दोषी ठरला, जन्मठेप झाली. १९९५ मध्ये डीएनए तपासला तेव्हा गुन्हेगार निघाला बॉबी पूल, दुसराच माणूस.

ती चार-पाच मिनिटं लक्षात ठेवा. मी फिरून फिरून तिथेच येणार आहे.

लगेच ‘ती वंशद्वेष्टी असणार’ म्हणून मोकळे होऊ नका. एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. परक्या वंशाचे चेहरे ओळखताना माणसाच्या जास्त चुका होतात, याला क्रॉस रेस इफेक्ट म्हणतात. १९६९ मध्ये मॅलपास आणि क्रॅविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी इलिनॉय आणि हॉवर्ड या दोन विद्यापीठांतल्या गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना अनोळखी चेहरे दाखवले, नंतर त्यातले कुठले आधी पाहिले होते ते विचारलं. तेव्हापासून हे प्रयोग चालूच आहेत. २००१ मध्ये माइसनर आणि ब्रिगम यांनी ३९ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला, जवळजवळ ५,००० माणसांचा. आपल्या वंशाचा पाहिलेला चेहरा बरोबर ओळखण्याची शक्यता परक्या वंशाच्या चेहऱ्यापेक्षा १.४ पट. आणि परक्या वंशाचा कधीच न पाहिलेला चेहरा ‘हो, हाच’ म्हणून उचलण्याची शक्यता आपल्या वंशाच्या चेहऱ्यापेक्षा १.५६ पट. दुसरा आकडा जास्त घातक आहे. ओळखता आलं नाही तर गुन्हेगार सुटेल, पण न पाहिलेल्याला ओळखलं तर कॉटन आत जातो. बघायला मिळालेला वेळ कमी असेल तर परक्या चेहऱ्यांबाबतच्या या चुका आणखी वाढतात. अंधारात, भीतीने, त्यात शस्त्र असेल तर अर्धं लक्ष त्या शस्त्राकडे, अशा वेळी किती वेळ मिळतो?

चेहरा ओळखतो म्हणजे आपण नेमकं काय करतो ते बघा. आपल्यातल्या चेहऱ्यांचा आपण नकळत नकाशा काढतो: डोळ्यांतलं अंतर, नाकाखालची जागा, जबड्याचा उतार, सगळं एकमेकांच्या संदर्भात. परका चेहरा आला की मेंदू आधी ‘काळा’ किंवा ‘गोरा’ अशी चिठ्ठी लावतो आणि बऱ्याचदा तिथेच थांबतो. मग लक्षात काय राहतं? त्वचेचा रंग, केस, ओठ. म्हणजे त्या समूहातल्या हजारोंना लागू पडेल तेवढंच. पोलिसांकडे वर्णन येतं ‘काळा तरुण, विशीतला, उंच, आखूड केस’. या वर्णनावर निम्मी वस्ती उचलता येईल, आणि कधी कधी उचलतातही.

इथे मात्र माझा राग जरा उतरतो. कारण हे शिकणं पाळण्यातच सुरू होतं. तीन महिन्यांची बाळं सगळ्या वंशांचे चेहरे वेगळे ओळखू शकतात. नऊ महिन्यांपर्यंत ही ताकद आपल्या आजूबाजूच्या चेहऱ्यांपुरती आक्रसते. कुणी शिकवलेलं नसतं, रोज जे दिसतं त्यात डोळा तयार होतो. आणि हा डोळा बदलतोही. कोरियात जन्मलेली, तीन ते नऊ वर्षांची असताना फ्रान्समधल्या कुटुंबांनी दत्तक घेतलेली मुलं मोठी झाल्यावर तपासली, तर त्यांना गोरे युरोपीय चेहरे जास्त चांगले ओळखता येत होते आणि आशियाई कमी. रक्ताचा काही संबंध नाही. कोणाच्या मांडीवर वाढलात आणि कोणाबरोबर शाळेत गेलात, एवढंच. पूर्वग्रह किती आहे हे विचारून ही चूक कोण करेल ते सांगता येत नाही, हेही दिसलंय. म्हणून जेनिफरला दोष द्यायला माझा हात उचलत नाही.

पण पूर्वग्रह निर्दोष आहे असं कुणी समजू नका. २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट आणि सहकाऱ्यांनी पोलीस अधिकाऱ्यांवर प्रयोग केले. मनात गुन्ह्याशी संबंधित शब्द पेरले की अधिकाऱ्यांना पाहिलेला काळा चेहरा आठवताना आणखी ‘ठसठशीत काळ्या’ नाकाडोळ्यांचा आठवायचा. म्हणजे डोळा आधीच कच्चा, त्यावर ही भर. आणि मुळात कुणाचे फोटो पोलिसांच्या फायलीत असतात? कॉटनचा होता, कारण आधीची नोंद होती. तो चौकशीत तारखांचा घोळही घालून बसला, भलत्याच शनिवार-रविवारची हकीगत सांगितली. ठीक आहे, संशय घ्यायला जागा होती, मान्य. संशय घ्या ना. पण संशय पक्का करायला साक्षीदाराची आठवण वापरायची, आणि ती आठवण आपणच घडवायची, याचं काय?

आता खऱ्या रागाचा मुद्दा. फोटो-परेड कशी घ्यायची हे काही गुपित नाही. एक संशयित, किमान पाच डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं. डमी साक्षीदाराच्या वर्णनाला जुळणारे हवेत. साक्षीदार ‘बारीक मिशी’ म्हणाला असेल तर सहाही जणांना बारीक मिशी. संशयिताच्या गालावर व्रण असेल तर तो सगळ्यांच्या फोटोत झाका किंवा सगळ्यांना द्या. फोटोची पार्श्वभूमी, उजेड, आकार एक. एक फोटो लॉकअपमधला आणि पाच लायसन्सवरचे असं चालत नाही. परेड जमली की नाही हे तपासायची युक्तीही साधी: गुन्हा ज्यांनी पाहिलाच नाही अशा तीस जणांना फक्त वर्णन वाचून दाखवा आणि यातला कोण असेल ते विचारा. परेड धड असेल तर प्रत्येक फोटोला पाचच्या आसपास मतं पडतील. वीस जणांनी संशयितावर बोट ठेवलं तर ती परेड फाडून टाका, कारण तिथे स्मरणशक्तीची गरजच उरलेली नाही.

आणि डमी निवडतं कोण? अधिकारी. त्याचाही डोळा त्याच पाळण्यात तयार झालेला. १९८५ च्या एका अभ्यासात लोकांना एका चेहऱ्याशी मिळतेजुळते फोटो शोधायला सांगितले होते. आपल्या वंशाचे फोटो लावताना माणसं चोखंदळ होती, परक्या वंशाचे ‘असेल सारखा’ म्हणून पटकन स्वीकारत होती. म्हणजे ‘सगळे सारखेच दिसतात’ हा विनोद डमी निवडणाऱ्या टेबलावरही चालू असतो. अधिकाऱ्याला सहाही जण सारखे वाटतात, आणि प्रत्यक्षात वर्णनाला एकटा संशयित जुळतो.

पुढची पायरी. परेड घेणाऱ्याला संशयित कोण हे माहीत नसावं. माहीत असलं की तो नकळत पुढे झुकतो, त्या फोटोवर जरा थांबतो, चुकीच्या फोटोवर ‘घाई नको, नीट बघा’ म्हणतो. छोट्या ठाण्यात माणसं नाहीत म्हणता? प्रत्येक फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये घाला, काही कोरे फोल्डर मिसळा, पिसा आणि साक्षीदाराच्या हातात द्या. साक्षीदार काय बघतोय हे तुम्हाला दिसतच नाही. खर्च फोल्डरांचा. सुरुवातीला स्पष्ट सांगा: गुन्हेगार यात असेल किंवा नसेलही, कुणालाच निवडलं नाही तरी चालेल, तपास थांबणार नाही. हे एक वाक्य गाळलं की साक्षीदार ‘यातला सगळ्यात जवळचा कोण’ असा शोध सुरू करतो. एकेका फोटोची तुलना, बाद करणं, पुन्हा तुलना. ओळख पटते तेव्हा सहसा लगेच पटते. चार-पाच मिनिटं लागतात ती तुलनेला. जेनिफर सहा फोटोंतला सगळ्यात जवळचा शोधत होती, आणि पूल त्या सहांत नव्हताच.

निवड झाली की त्याच क्षणी, कुणी काही बोलायच्या आत, किती खात्री आहे ते साक्षीदाराच्या शब्दांत लिहून घ्या. ‘वाटतोय हा’ म्हणाली तर ‘वाटतोय हा’ लिहा. सगळं व्हिडिओवर घ्या. आणि त्याच संशयिताला पुन्हा दुसऱ्या परेडमध्ये उभं करू नका. कॉटन एकटाच फोटोतही होता आणि रांगेतही. त्या रांगेत ओळखीचा चेहरा तेवढा एकच, मग ओळखीचा का वाटला हे मेंदू विचारत बसत नाही.

‘छान, बरोबर ओळखलंत.’ या एका वाक्याची ताकद वेल्स आणि ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये मोजली. चुकीच्या माणसाला निवडणाऱ्यांपैकी काहींना ही शाबासकी दिली. नंतर विचारलं तर त्यांची खात्री तर वाढलीच, पण चेहरा किती नीट दिसला होता, किती लक्ष देऊन पाहिला होता, याच्या आठवणीही वाढल्या. मागे जाऊन! आता अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची १९७२ ची कसोटी बघा, नील विरुद्ध बिगर्स खटल्यातली. ओळख विश्वसनीय का? पाच गोष्टी बघा: नीट दिसलं का, लक्ष होतं का, आधीचं वर्णन जुळतं का, खात्री किती, मध्ये वेळ किती गेला. पाचातल्या तीन गोष्टी त्या शाबासकीने फुगतात. जो फुगा पोलिसांनी फुगवला तोच न्यायालय पुरावा म्हणून मोजतं. आणि उलटतपासणीत वकिलाला काही सापडत नाही, कारण साक्षीदार खोटं बोलतच नाही.

हो, डीएनएने सुटलेली प्रकरणं म्हणजे सगळे खटले नव्हेत, आणि नीट घेतलेल्या परेडमध्ये पहिल्याच फटक्यात पूर्ण खात्रीने केलेली ओळख बऱ्यापैकी भरवशाची असते. घ्या, लिहिलं. तरीही इनोसन्स प्रोजेक्ट या, चुकीने शिक्षा झालेल्यांसाठी लढणाऱ्या संस्थेने नोंदवलेल्या, अमेरिकेत डीएनएमुळे निर्दोष ठरलेल्या ३७५ जणांपैकी ६९ टक्के प्रकरणांत साक्षीदाराची ओळख चुकलेली होती, आणि त्यातल्या ४२ टक्क्यांत साक्षीदार एका वंशाचा, आरोपी दुसऱ्या.

थोडं फार बदललंय, नाही असं नाही. न्यू जर्सीने १९९९ मध्ये क्रोमेडी खटल्यात मान्य केलं की अशा वेळी ज्यूरीला या परिणामाची सूचना द्यायला हवी. न्यू यॉर्कच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने हे म्हणायला २०१७ उजाडलं. खुद्द नॉर्थ कॅरोलायनाने २००७ मध्ये कायदा केला, परेड घेणारा तपासाबाहेरचा हवा, डमी किमान पाच हवेत. चांगलंच आहे. पण ज्यूरीला सूचना म्हणजे शेवटच्या पानावरची तळटीप. ‘वंश वेगळा असेल तर ओळख चुकू शकते’ हे ऐकून बारा जण मान डोलावतात आणि मग समोर रडत, थरथरत, खात्रीने बोट दाखवणारी बाई आठवतात. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

कॉटनला भरपाई मिळाली १ लाख १० हजार डॉलर. सुटल्यावर दोन वर्षांनी जेनिफर त्याला भेटली, माफी मागितली, त्याने माफ केलं. पुढे दोघं मिळून याच विषयावर बोलत फिरले. लोकांना कथेचा हा भाग फार आवडतो. मला त्याच्या आधीचा एक दिवस डोक्यातून जात नाही.

१९८७. वरच्या न्यायालयाने पहिला निकाल रद्द केल्यामुळे खटला पुन्हा उभा राहिला होता. त्याच रात्री हल्ला झालेल्या दुसऱ्या स्त्रीने परेडमध्ये वेगळ्याच माणसाला निवडलं होतं, आणि हे पहिल्या ज्यूरीला कळूच दिलं नव्हतं. आता तीही कॉटनकडेच बोट दाखवत होती. मधल्या काळात तुरुंगात बॉबी पूलने हे गुन्हे आपले असल्याचं एका कैद्याला सांगितलं होतं. ज्यूरी बाहेर असताना त्याला न्यायालयात आणून उभं केलं. जिने चेहरा पाठ करायचा निर्धार केला होता त्या जेनिफरच्या समोर, भर उजेडात, खराखुरा गुन्हेगार. तिने पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की याला मी कधी पाहिलेलंच नाही. कॉटनला पुन्हा जन्मठेप झाली, या वेळी दोन्ही बलात्कारांसाठी.