तिऱ्हाइताचे हाल

काकांचा गुडघा मामांच्या गुडघ्यापेक्षा जास्त दुखतो, हे काकांनी नुसतं सांगून भागत नाही. "तूच सांग, परवा मला खुर्चीतून उठताना पाहिलंस ना?" लगेच मामा सरसावतात, "आणि मी जिना उतरताना कट्कन आवाज आला, तो कुणी ऐकला?" उठणं मी पाहिलेलं असतं आणि आवाजही ऐकलेला असतो. दुखणं त्यांचं, हाल माझे.

या छळाचं मूळ मला 'कॉन्टेस्ट' या इंग्रजी शब्दात सापडलं. हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर धावणारी, गाणारी माणसं आणि पदकं येतात. लॅटिनमधल्या 'कॉन्टेस्टारी'त यातलं काहीच नाही. 'कॉन' म्हणजे सोबत, 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार. साक्षीला माणसं बोलावणं, एवढाच अर्थ. प्राचीन रोममध्ये प्रेटर या अधिकाऱ्यासमोर वादाचा मुद्दा ठरला की दोन्ही पक्ष हजर असलेल्यांना म्हणत, "साक्षी राहा!" मग खटला न्यायाधीशाकडे जाई. म्हणजे धावणं-गाणं सगळं नंतरचं. आधी एखादा बापडा धरून आणायचा! इंग्रजीत अजूनही मृत्युपत्राला आव्हान दिलं की ते 'कॉन्टेस्ट' केलं म्हणतात. तिथे शिट्टी नाही, पदक नाही. नातेवाईक मात्र झाडून हजर.

खरा ठेवा पुढेच आहे. 'टेस्टिस' या शब्दाची फोड भाषाशास्त्रज्ञ 'तिसरा उभा असलेला' अशी करतात. आपले 'त्रि' आणि 'स्था' याच कुळातले. थोडक्यात, तिऱ्हाईत! वाचून मला गहिवरून आलं. भांडणाऱ्या दोघांशेजारी कुणीतरी अवघडून उभा आहे, याची दखल निदान लॅटिनने तरी घेतली. 'प्रोटेस्ट', 'अटेस्ट', 'टेस्टामेंट' ही सगळी याच साक्षीदाराची लेकरं. 'डिटेस्ट'सुद्धा. देवाला साक्षी ठेवून शिव्याशाप देणं हा त्याचा मूळ अर्थ. तिरस्कार त्यातून आला. कॉन्टेस्टपासून डिटेस्टपर्यंत मी पानं वाढून होईतो पोचतो.

रोमन लोकांकडे एक सोय मात्र झकास होती. अशी साक्ष ठेवून वाद एकदा पक्का झाला, की साधारणपणे तोच दावा पुन्हा आणता येत नसे. आमच्याकडे 'बाथरूमचा दिवा कुणी चालू ठेवला' हा दावा रोज संध्याकाळी नव्याने दाखल होतो. वादी बायको, प्रतिवादी मुलगी, आणि "बाबा, तुम्ही इथेच बसला होता ना?" हे समन्स. म्हणून हल्ली दिवेलागणीनंतर मी बाल्कनीत, बाथरूमकडे पाठ करून बसतो. काही दिसलं नाही, असं निदान शपथेवर सांगता येतं.