हॅश दिसला की पुढचा मजकूर गायब!

रंग लाल करायचा म्हणून कोडमध्ये हॅशवाला (#) रंगकोड लिहिला. आणि हॅश लिहिला म्हणून वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणारा अँड्रॉइडचा भाग, पुढचा अख्खा मजकूर गिळून टाकतो. डोकं फिरलंय माझं.

केळीवाल्यांसाठी ॲप आहे आमचं. रावेर-यावल पट्ट्यात सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूजन्य रोग दिसायला लागला म्हणून सल्ला टाकला. मावा कीड आटोक्यात ठेवा, बांधावरचं तण काढा आणि, इथून पुढे लाल अक्षरांत, रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करा. काल यावलहून फोन आला, "भाऊ, 'आणि'च्या पुढं काहीच लिहेल नाही. मंग करू काय?" उघडून बघतो तर खरंच! 'आणि'वर पान संपलेलं. सगळ्यात महत्त्वाची म्हणून जी ओळ लाल केली, नेमकी तीच नाही. तिच्याखालचं काहीच नाही. लॉग कोरा, क्रॅश रिपोर्ट कोरा. अरे, क्रॅश तरी व्हा ना! निदान कळेल तरी. निम्मा सल्ला वाचून माणूस नुसतं तण काढत बसला आणि रोगट झाड बागेत तसंच राहिलं, तर मावा तो रोग शेजारच्या झाडांवर नेणारच. बाग गेल्यावर जाब कुणाला विचारायचा?

कारण काय, तर लोडडेटा, म्हणजे वेबव्ह्यूला मजकूर देणारं फंक्शन, सगळा मजकूर डेटा यूआरएलमध्ये, म्हणजे चक्क पत्त्यातच कोंबतं, आणि यूआरएलमध्ये हॅश आला की मजकूर तिथेच संपला असं धरतात. ॲपचं टार्गेट, म्हणजे ते अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बांधलंय तो आकडा, २९ च्या (अँड्रॉइड १० च्या) खाली होतं तोवर हेच पान नीट दिसत होतं. ते २९ किंवा त्याच्या वर नेलं की नियम कडक. आणि टार्गेट वाढवल्याशिवाय स्टोअर अपडेट घेत नाही, म्हणजे आपण जायचं कुठे?

वर त्या लोडडेटाचा तिसरा पॅरामीटर. नाव एन्कोडिंग. नेटवर जो तो तिथे यूटीएफ-८ लिहून मोकळा होतो. तिथे फक्त बेस६४ ला अर्थ आहे, दुसरं काहीही लिहा, काडीचा उपयोग नाही. चारसेट, म्हणजे अक्षरं यूटीएफ-८ सारख्या कोणत्या पद्धतीने वाचायची ते, द्यायचा तो माइम टाइपमध्ये, म्हणजे मजकुराचा प्रकार सांगतो त्या पॅरामीटरमध्ये. नाही दिला की आपली मराठी चिरफाड होऊन पडद्यावर येते. इंग्रजीवाल्यांना हे कधी दिसतच नाही, मग दुरुस्त कोण करणार?

आणि ॲपमधली वाक्यं ठेवायची ती स्ट्रिंग्ज फाइल! बोल्डचा टॅग घाला, वाक्य वाचून देणारं गेटस्ट्रिंग तो काढून टाकतं. टिकवायचा तर सीडेटात, म्हणजे मजकूर जसाच्या तसा ठेवणाऱ्या वेष्टनात गुंडाळा. फॉरमॅट करायच्या ओळीत "५०% अनुदान" लिहिलं की ॲप धाडकन बंद, टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहिलं नाही म्हणून. टक्क्यासाठी ॲप बंद पाडता येतं, मग शेतकऱ्याचा निम्मा सल्ला कापताना एक एरर टाकायला काय धाड भरली होती?

त्याच कामाचं लोडडेटाविथबेसयूआरएल आहे, त्यात हा हॅशचा घोळ होत नाही. मग ते लोडडेटा अजून ठेवलंय कशाला? काढून टाका ना एकदाचं!